अठ्ठावीस नंबरची मूठ

या, थोडं जवळ सरका. बुवांचा चहा अजून व्हायचाय, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्या वेळात एक हकिकत सांगून होईल. चोरीची आहे. पण ऐकून झाल्यावर चोराला शिव्या द्याव्याशा वाटणार नाहीत, उलट आपलेच हात जोडले जातील. मी पदरचं काही घालत नाही. गेल्या साली कळंबच्या सप्ताहात हे घडलं, आणि काल्याच्या कीर्तनाला मी तिथं टाळ घेऊन उभा होतो.

गुरुवारी सकाळी मंचरच्या एसटी स्टँडसमोरच्या माडीवर एक म्हातारा धापा टाकत चढून आला. दारावर पाटी होती : अक्षदा कानडे, खाजगी तपास.

अक्षदाने त्याला पाणी दिलं. विमा कंपनीत आठ वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर तिने ही माडी घेतली होती. तिच्यासोबत तिचे मामा सयाजी असत. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आता भाचीची जीप चालवत आणि तिच्या प्रत्येक तपासात चुकीच्या माणसावर संशय घेत.

"बाई, मी हौशीराम. कळंबचा. माझी मूठ बदलली."

सयाजीमामांनी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मुठी जागच्या जागी होत्या.

"तसं न्हवं पावणं," म्हातारा हसला. "आपल्या तालुक्यात रूळच न्हाई, म्हणून सारं सांगावं लागतंय. भीमेपल्याड एक जंक्शन हाये. तिथल्या केबिनीत मी चौतीस वर्सं काढली. खाली फाटक, वर काचंची खोली. खोलीत अठ्ठावीस लिव्हर वळीनं उभे, माणसाच्या छातीयेवढे. कुनाला सिग्नल द्यायचा, कुनाला थांबवायचं, सारं त्या लिव्हरवर. दोन लाइनी एकमेकीला कापून जायच्या, मधून सडक. उसाच्या गाड्या, एसट्या, लग्नाची वऱ्हाडं, मेंढरं. फाटक उघडलं की जत्राच. एक गाडी सुखरूप पार झाली की पल्याडच्या केबिनीला घंटा द्यायची, दोन ठोके, थांबून एक. ती देईस्तोवर दुसरी हजर. लई सुख व्हतं बघा त्यात."

"आणि मूठ?"

"अकरा वर्सांमागं कॉम्प्युटर आला, केबिन पाडली. मी त्याच साली रिटायर. साहेबांनी शेवटच्या पाळीतल्या आमा दोघांना एकेका लिव्हरचा वरचा तुकडा कापून दिला, मुठीसकट. एक नंबर आन् अठ्ठावीस नंबर. दोनी टोकांचे."

"टोकांचेच का?"

"त्यांची खोडच न्यारी व्हती. दोनीकडं भिंती. अठ्ठावीस वढताना उजवं कोपर भिंतीवर आपटायचं, म्हणून तिन्ही पाळ्या तो डाव्या हातानं वढायच्या. एक नंबरला त्याच्या उलट. साठ वर्सं माणसांनी तसंच वढलं."

"एक नंबर कुणाला मिळाला?"

"रखमाजीला. भीमाशंकरच्या वाटंवरचा गडी. आता गाठभेट न्हाई."

अक्षदाने ते लिहून घेतलं नाही, पण पेन खाली ठेवलं.

"मूठ बदलली हे कसं कळलं?"

"पोलादाला उघडा हात लावायचा न्हाई, ही केबिनीची रीत. घामानं रातीत गंज धरतो. हरेकाच्या खांद्यावर फडकं. मी आजबी रोज सकाळी फडक्यानं खोबरेल लावतो. बुधवारी हात घातला, तर बोटं बसंनात. मुठीला खटका असतो, तो दाबूनच लिव्हर सुटतो. त्या खटक्याला चार बोटांच्या खोबणी पडल्यात. म्या रोज धरतो त्या ह्या न्हाईत."

"घरचे काय म्हणतात?"

म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "फळी तीच, पितळी नंबर तोच. पोरगा म्हणतो, आण्णा तुमाला भास होतोय. दोनदा गॅस चालू राहिला माझ्याकडनं, हे खरंय. एकदा घरची वाट चुकलो, हेबी खरं. रविवारी घराला कुलूप लावून पुण्याला न्यायचं ठरलंय. बाई, पुण्याचं भ्या न्हाई. पण आपलाच हात आपल्याशी खोटं बोलतो असं ठरलं, तर मानसानं इस्वास कशावर ठेवायचा?"

अक्षदा उठली. "मामा, जीप काढा."

कळंबच्या देवळापुढे मांडव घातला होता. हौशीरामचं घर देवळामागेच. ओसरीच्या फडताळात सागवानी फळीवर ती मूठ उभी होती : हातभर पोलाद, वर गोलसर मूठ, तिला बिलगून खटका. फळीवर पितळी पट्टी, तिच्यावर २८.

अक्षदा वाकली. मुठीवर गंजाचा एक ठिपका नव्हता. तिने वास घेतला.

"हे खोबरेल नाही."

मामांनीही नाक लावलं. "मशीनचं तेल आहे."

फळीला दोन बोल्टांनी ती घट्ट बसवली होती. बोल्टांच्या डोक्यांवर ताजे चरे. अक्षदाने पदराचं टोक हाताला गुंडाळून डाव्या हाताने खटका धरून बघितला. मग उजव्या हाताने. मग मागे सरली.

हौशीरामची बायको तुकाबाई चहा घेऊन आली. "मंगळवारी सांजच्याला आमी दोघं हरिपाठाला गेलो व्हतो," ती म्हणाली. "दार उघडंच. इथं चोर कोन येतोय? घरात आमचा सुनील झोपलेला. गोरख येऊन शिडी घेऊन गेला. आन् ओसरीवर मंगल पताका शिवत बसलेली."

"मावशी, ही मूठ भांड्याच्या पावडरने घासून कोरडी करून द्याल? तेलाचा अंशही राहू देऊ नका."

"अगं पोरी, गंजंल ती!"

"गंजू दे."

आधी सुनील आला. पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर, चाळिशीचा, डोळ्यांखाली जागरण.

अक्षदाने मूठ पुढे केली. त्याने फळीसकट दोन्ही हातांनी उचलली, वरच्या पोलादाला घट्ट धरून. "हे बघा मॅडम. पट्टी तीच, फळीचा कोपरा मीच लहानपणी... नाही, माझ्या पोराने तोडलेला, तोही तोच. कोण बदलेल आणि कशाला? तुम्ही तरी त्यांच्या मनासारखं बोलू नका. गॅस चालू ठेवून आई-आण्णा झोपले होते. मला तिकडे झोप लागत नाही."

"मंगळवारी काही ऐकलंत?"

"शिलाई मशीनची खडखड. मध्ये थांबली होती थोडा वेळ. मी परत झोपलो."

तो गेल्यावर मामा कुजबुजले, "हाच. बापाला वेडा ठरवून घर बळकवायचंय."

"घराला कुलूप लावणार आहे मामा, विकणार नाही."

मग गोरख. घर मेंढपाळाचं, पण त्याने रस्त्यालगत वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. मांडवाची लोखंडी कमान त्याचीच.

"ह्या मुठीवर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू?" त्याने ती उघड्या हातात घेऊन तोलली. "भैरवनाथाच्या दाराला काय दिसली असती राव! मागितली तर हौशीरामबाबा सप्ताहाच्या मिटिंगमध्ये सगळ्यांपुढं खेकसले. म्हणाले, पुन्हा नाव काढलंस तर तुझी मेंढरं देवळात बांधीन. आता माझ्याकडं मेंढरू एक नाही!"

"अशी दुसरी तुला बनवता येईल?"

"ही? नाव नका काढू. असलं पोलाद आता मिळत नाही. आणि ही झीज बघा, ती ग्राइंडरने येत नसते. लई हात फिरल्याशिवाय नाही येत."

"मशीनचं तेल वापरतोस?"

"ग्रीस वापरतो आम्ही. हातच बघा की." हात काळे होते, त्यांचा घाम मुठीला लागला होता, आणि अक्षदाने तो पुसू दिला नाही.

शेवटी मंगल. तिशीची, बारीक अंगाची. मांडवाच्या पताका आणि झालरी शिवायला तुकाबाईने तिला लावलं होतं. मशीन ओसरीवरच असे. ती रोज सकाळी पहिल्या एसटीने कापडाचं गाठोडं घेऊन येई आणि संध्याकाळी तसंच गाठोडं घेऊन जाई.

"कुठून येता?"

"शिनोलीवरनं. मामंजी अंथरुणावर आहेत, म्हणून मुक्काम करता येत नाही. आषाढात लकवा मारला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली."

"अरेरे," सयाजीमामा म्हणाले. "काही फरक?"

"डॉक्टर म्हणतात, चांगल्या हाताने काहीतरी धरून दाबत राहा. चेंडू दिला तर फेकून देतात." ती जराशी हसली. "आता दोन दिवसांपासून बरं करतायत."

अक्षदाने मूठ पुढे केली. मंगलने मशीनवरचा भगव्या पताकेचा तुकडा उचलला, तळहातावर घेतला आणि मगच मूठ धरली.

"हलकी वाटते का?"

"मला काय कळणार?" तिने ती हळूच खाली ठेवली. "ताई... नाही सापडली तर बाबांना खरंच नेणार?"

"रविवारी."

मंगलच्या हातातला तुकडा खाली पडला. "मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, काल्यापर्यंत..." ती थांबली आणि मशीनचं चाक फिरवायला लागली.

निघताना अक्षदाने फळीला धरून ती मूठ अंगणात तुळशीच्या ओट्यावर ठेवली. "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

जीपमध्ये मामा तणतणत होते. "थंडीचे दिवस, दव पडणार. म्हाताऱ्याची वस्तू, चोरीची असो नाहीतर खरी. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मामा, मंचर-भीमाशंकर गाडीवर किती वर्षं होता तुम्ही?"

"सहा. का?"

"थांबे सांगा."

"मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे..." मामा शेवटपर्यंत घडाघडा म्हणत गेले. तिने कुठे थांबवलं नाही, फक्त हसली. मामांना वाटलं, आपल्या स्मरणशक्तीला हसते आहे.

शुक्रवारी सकाळी काकड्याचे टाळ थांबले तेव्हा सगळे अंगणात जमले होते. मंगलही नुकतीच आली होती. आज तिने गाठोडं खाली ठेवलं नव्हतं, छातीशी धरलं होतं.

तुळशीच्या ओट्यावर मूठ दवाने भिजली होती. पोलादावर तांबूस डाग उमटले होते.

"हे पंजे सुनीलभाऊंचे," अक्षदा म्हणाली. "ही जाड बोटं गोरखची. काल ही मूठ तिघांनी हाताळली. डाग दोघांचेच आहेत."

"पहिली गोष्ट. हौशीरामबाबांना भास झालेला नाही. अठ्ठावीस नंबर साठ वर्षं डाव्या हाताने ओढला गेला. त्याच्या खोबणी डाव्या हाताच्या असणार. मी काल डावा हात लावला, बोटं बसली नाहीत. उजवा लावला, चारही बोटं आपापल्या घरात जाऊन बसली. मूठ बदललेली आहे. फळी आणि पट्टी तीच, म्हणून कुणाला कळलं नाही. बोल्ट मात्र ताजे फिरवलेले आहेत."

सुनीलने बापाकडे बघितलं. हौशीराम डोळे मिटून उभा होता, हात जोडलेले.

"दुसरी गोष्ट. ही नकली नाही, गोरखनेच सांगितलं. मग उजव्या हाताने झिजलेली, अशीच खरी मूठ कुठे आहे? बाबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. एक नंबर. रखमाजींकडे."

"मग रखमाजी चोर?" मामा म्हणाले.

"ते उठू शकत नाहीत, मामा. काल मी आले तेव्हाही ही मूठ लख्ख होती, म्हणजे बदलणाऱ्याने तिला उघडा हात लावला नव्हता. घरात फडकं घेऊन लोखंड धरायची सवय कुणाला? जो केबिनीत राबला त्याला, किंवा त्याच्या हाताखाली ज्याने संसार केला त्याला. तिला खोबरेल नाही, मशीनचं तेल होतं. मंगळवारी शिलाईची खडखड मध्येच थांबली होती. आणि भीमाशंकरच्या वाटेवर घोडेगावनंतर कोणता थांबा लागतो, ते मामांनी मला काल सांगितलं."

"शिनोली," मामा पुटपुटले, आणि कपाळाला हात लावला.

मंगलने गाठोडं ओट्यावर ठेवलं, सोडलं. पताकांच्या आत, फडक्यात गुंडाळलेली, अठ्ठावीस नंबरची मूठ होती.

"मी आजच परत आणली," ती रडत होती. "ताई बोलल्या नसत्या तरी ठेवणार होते. बाबा, रखमाजी माझे सासरे. ते अंथरुणावर पडल्यापासून डावा हात नुसता हवेत मिटतात, उघडतात. त्यांची एक नंबरची मूठ दिली, तर धरता येईना, ढकलून दिली. मग माझ्या लक्षात आलं, ती उजव्या हाताची. त्यांचा उजवा तर गेला. डाव्या हाताची एकच मूठ जगात आहे, ती इथं. मंगळवारी नेली. बाबा, त्यांनी पकडली ती सोडलीच नाही. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले."

"अगं, मग मागायचीस!" तुकाबाई म्हणाली.

"मामंजी चांगले होते तेव्हा म्हणायचे, हौशीरामच्या दाराला मला बंदी आहे. का ते कधी सांगितलं नाही. आणि गोरखभाऊंना कसे बोलले ते मी या ओसरीवरनंच ऐकलं होतं. वाटलं, चार दिवस. काल्याला परत ठेवीन. हात एवढं ओळखतो हे मला कुठं माहीत!"

हौशीराम ओट्यावर बसला. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, डाव्या हाताला घेतलं आणि अठ्ठावीस नंबरचा खटका धरला. बोटं बसली. मग तो बोलायला लागला.

"बंदी मीच घातली व्हती. आता ऐका. तेहतीस वर्सं झाली. फाटक लावलेलं, एक्सप्रेसला सिग्नल दिलेला. मी जागा सोडून खाली पान्याची घागर भरायला गेलो. चूक माझी. तेवढ्यात आपल्याच भागातला एक मेंढरांचा वाडा, सारा कळप, फाटकाखालनं घुसला. मागं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडात दोन पोरं. घोडं रुळातच बसलं. वर रखमाजी एकला. त्याचा हात पयल्या लिव्हरवर. अठ्ठावीसला हात लावायची त्याला परवानगी न्हवती, हंगामी व्हता. धावला, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापत्तर, आन् सिग्नल मागं घेतला. इंजिन घोड्यापासनं वीस पावलांवर थांबलं."

"आण्णा," सुनील हळू म्हणाला, "चौकशी तर तुमची झाली होती."

"व्हय. मी सांगितलं, हात माझाच व्हता. खरं सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, घरी तीन कच्चीबच्ची. एक्सप्रेस अडवल्याचा ठपका माझ्यावर आला, बढती तेवढी हुकली. निरोपाच्या दिशी तो समद्यांपुढं खरं बोलाया उठला. तवा मी त्याच्यावर वरडलो, तोंड उघडलंस तर माझ्या दारात येऊ नगंस. त्याची पेन्शन अडकंल, असं भ्या व्हतं मला. येड्यानं ते मनावर घेतलं. अकरा वर्सं!"

तो उठला. "पोरी, तू चोर न्हाईस. चोर मी. त्याची मूठ माझ्या फडताळात ठेवून तेल लावीत बसलो." मग सयाजीमामांकडे वळला. "पावणं, जीपमधी जागा हाये का?"

शिनोलीला रखमाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. डावा हात गोधडीवर उघडा, काहीतरी शोधत असलेला. हौशीराम त्याच्याजवळ बसला, फडक्यासकट मूठ त्या हातात दिली. बोटं खोबणीत गेली. रखमाजीने मान वळवली, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बंदी उठली रं," हौशीराम म्हणाला. "सिग्नल दिलाय. ये आता."

रखमाजीला बोलता येत नव्हतं. त्याची बोटं हलली. खटका वाजला : दोनदा, आणि थांबून एकदा.

सयाजीमामांना काही कळलं नाही. अक्षदाने त्यांच्या कानात सांगितलं, "गाडी सुखरूप पार झाली, मामा."

सुनील दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसत होता. रविवारी त्याने गॅसला आपोआप बंद होणारी कळ बसवली आणि एकटाच पुण्याला गेला. जाताना आईला म्हणाला, "आण्णांचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. फक्त घागर भरायला एकटं सोडू नका."

त्याआधी शनिवारी काल्याचं कीर्तन झालं. गोरखने जीपमधून खुर्चीसकट उचलून रखमाजीला मांडवात आणलं. लाह्या वाटायच्या आधी बुवांनी हौशीरामला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्याने गावाला सगळं सांगितलं, स्वतःची चूक पहिली. मग बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्या डाव्या हातावर ठेवला. एवढी वर्षं कीर्तनं ऐकतो आहे, पण उपकार म्हणजे काय ते त्या दिवशी मला समजलं. आजही हौशीरामच्या फडताळात २८ची पट्टी आहे, मूठ मात्र एक नंबरची आहे. ती तो रोज उजव्या हाताने पुसतो. त्या हाताला सवय नाही, तरी पुसतो.

बुवा उठले वाटतं. माझं एवढंच मागणं आहे. कधी रेल्वेच्या फाटकावर अडकलात, उशीर होतोय म्हणून जीव कातावला, तर रखमाजीची आठवण काढा. परवानगी नसताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलेल्या माणसाची. गाडी पुढून निघून जाईपर्यंत तेवढं नाव मनात धरा, मग जा.